पान उघडेपर्यंत

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात संगणकासमोर बसले होते. पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटसुलट होत होतं, टेबलापुढे माणसं खोळंबली होती. "तुझी वहिनी गेली," दादा म्हणाला. सकाळी दुकान उघडताना छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... फोन ठेवला तरी ते घड्याळ फिरतच होतं. समोरच्यांना उद्या यायला सांगून, कपाटाला कुलूप लावून मी निघाले. त्याला आता दीड महिना होत आला.

शकुंतला वहिनी मध्य प्रदेशातल्या कटंगीकडची, धानाच्या शेतीतल्या घरातली. लग्न होऊन तिकडच्याच बालाघाटला आली आणि रस्त्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत तिने एसटीडी-पीसीओ सुरू केला. पुढे एक जुना संगणक घेतला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. त्यावर ती अर्ज, बायोडाटा, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. मी एकदा म्हटलं, "वहिनी, अगदीच साधं आहे गं हे." ती म्हणाली, "साधं हाय, पण बटन दाबलं का अक्षर हजर. वाट पाहाले लावत नाही बिचारं."

मग इंटरनेट आलं. फोनच्या तारेवरून, किरकिर आवाज करत. वहिनीने लाकडी आडोसे करून चार नवे संगणक मांडले. पहिल्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं की कामाचा मजकूर चार ओळींचा असतो आणि सगळा वेळ खातात ती चित्रं, सरकणाऱ्या पट्ट्या, फिरणारी बोधचिन्हं. मग तिने सगळ्या संगणकांवर चित्रं बंद करून टाकली. पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी दिसायच्या, पण पान उघडायचं. कॉलेजची मुलं कुरकुरायची.

"काकू, फोटो काहून नाही दिसून राह्यले?"

"फोटो पाहाचे असतीन तं टॉकीजले जा. इथं रिझल्ट पाहा अन् उठ."

दुसरा नियम याहून कडक होता. तिच्याकडे नंबर आल्याप्रमाणे लागत नसे, बसप्रमाणे लागे. ज्याची बस आधी, तो आधी. लांजीची, परसवाड्याची, अशी बाहेरगावची मुलगी दारात दिसली की गावातल्या मुलाला खुर्ची सोडावी लागे. "तुयं घर मांगच्या गल्लीत हाय. तिची बस गेली तं ती कुठं जाईन?" मुलं तिला 'बसस्टँडवाली काकू' म्हणायची. तिला ते चालायचं. तिला पक्कं ठाऊक होतं, मुलीची शेवटची बस एकदा चुकली की घरचे तिला पुन्हा एकटीला पाठवत नाहीत.

आणि एकदा तसंच झालं. परसवाड्याकडची रेखा नर्सिंगचा अर्ज भरायला आली. त्या वर्षी अर्जाची साइट नवी केलेली होती. आधी एक फिरतं चित्र, मग स्वागत, मग कुणाकुणाचे फोटो. पुढे जायची बटणंसुद्धा चित्रातच, त्यामुळे वहिनीची युक्ती चालेना. चित्रं सुरू केली तर पान अर्ध्यावर अडकायचं. कसंबसं शेवटापर्यंत पोचलं की 'वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा'. दुपार गेली, बस गेली. वहिनीने रेखाच्या गावच्या पीसीओवर निरोप दिला आणि तिला घरीच ठेवून घेतलं.

सकाळी तिचे वडील आले. आवाज चढवला नाही, पण चपलाही काढल्या नाहीत.

"बाई, झालं तेवढं शिक्षण पुरे. चाल वो रेखा."

"पोरीची चूक नाही भाऊ. मशीन हळू चालून राह्यली होती."

"मशीन तं नवी हाय म्हणता नं? मंग हळू कशी?"

 वहिनीने खुर्ची ओढली. "तुमीच बसा. हालू नका."

तिने त्यांच्यासमोर तेच पान उघडायला लावलं. चहा दिला. चहा संपला तरी पडद्यावर वरची निळी पट्टी तेवढी आली होती. ते पडद्याकडे बघत बसले, एकदा मागे वाकून तारा बघितल्या, पुन्हा बसले. शेवटी म्हणाले, "एवढ्या वेळात म्या एक बांधी चिखलली असती." बांधी म्हणजे धानाचं खाचर; त्यात राबणारा माणूस, त्याच्याकडे वेळेचं हेच माप होतं. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "भर तुया अर्ज. मी हाओ बसून." दुपारी तो अर्ज गेला आणि बापलेक मिळून बसने परतले. रेखा पुढे नर्सिंगला लागली.

वहिनी मात्र त्या दिवसानंतर थकल्यासारखी झाली. संगणकवाला येऊन सांगायचा, "भाभीजी, नई मशीन ले लो, सब फटाफट चलेगा." तिने घेतली. वर्षभर बरी चालली, मग पानं आणखी जड झाली. पुन्हा मेमरी वाढवली, पुन्हा तेच. "ताई, मी जेवढी पळतो तेवढी वाट लांब होऊन राह्यली," ती मला म्हणाली होती. माझ्या ऑफिसात तरी वेगळं काय होतं? जुन्या प्रोग्रामात नाव टाकलं की माहिती समोर यायची. नव्यात आधी रंगीत पान, मग पासवर्ड, मग ते घड्याळ. याला सुधारणा का म्हणतात, हे आम्हा दोघींना कधी कळलं नाही.

चौदावा झाल्यावर मी घर आवरायला घेतलं. काय ठेवायचं, काय द्यायचं, कागदावर लिहून काढलं. मधल्या खोलीत रेखाच्या प्रसंगानंतर वहिनीने टाकलेली खाट होती, बस चुकलेल्या मुलींसाठी. उशाशी एक गाऊन, नवा ब्रश, तेलाची बाटली. 'खाट देणे' असं मी लिहिलं होतं. दादाने ते वाचलं आणि म्हणाला, "राहू दे. पान अजून हळूच उघडतं."

गेल्या रविवारी दुकानात मीच बसले होते. लांजीची एक मुलगी अर्ज भरत होती. पान अर्ध्यावर येऊन थांबलं होतं, ती पुन्हा पुन्हा दाराबाहेर बघत होती... मी उठले, आत गेले आणि खाटेवर धुतलेली चादर घातली.