निळी पूड

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक येत-जात, मदतनीस मामा तिथेच. बाटल्या भरायचे, काचेची भांडी धुवायचे आणि आमच्यावर तोंडसुख घ्यायचे. "अगं, थेंब थेंब सोड! नळ आहे का तो?" पण द्रावणाचा रंग पालटायची वेळ आली की मामांना हटकून खोकला यायचा, आणि आम्ही शहाणी मंडळी तिथेच हात थांबवायचो. सगळ्यांसाठी खोकले हो ते! फक्त स्वतःच्या लेकीजवळ कधी खोकले नाहीत.

लेक दोनदा नापास होऊन आमच्या वर्गात आली होती, माझ्या शेजारच्याच टेबलाला. प्रात्यक्षिक म्हणजे तिला लोखंडाचे चणे. लेखी परीक्षेत ती माझ्या कितीतरी पुढे, पण प्रात्यक्षिकाला समोर बाप उभा दिसला की तिचे हातपाय गळायचे. ही तिसरी खेप शेवटची. आता नापास झाली की नावच कमी होणार होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये एक शहाणा मोठ्यानं म्हणाला, "घरचाच माणूस आहे, हिला काय धाड भरलीय नापास व्हायला!" मामा चहाचा कप घेऊन त्याच्या मागेच उभे होते.

परीक्षेला प्रत्येकाच्या टेबलावर एका अनोळखी पुडीची बाटली, त्यात कोणते क्षार आहेत ते चार तासांत ओळखायचं. मी लवकर आले होते, दारातच थबकले. मामा सरांच्या यादीप्रमाणे बाटल्या मांडत होते. लेकीच्या वाट्याला निळी पूड आली होती. निळं म्हणजे तांबं, अर्धं काम डोळ्यांनीच झालं! मामांनी ती बाटली उचलली, बराच वेळ हातात धरली आणि माझ्या टेबलावर ठेवली. माझी पांढरी पूड तिच्या टेबलावर. मग यादीतले आकडे खोडून बदलले.

मी मूग गिळून बसले. बोलायला काय झालं होतं मला? पण माझं फावलं होतं ना!

दोन तासांत मी मोकळी झाले. ती बिचारी तीच नळी पुन्हापुन्हा तापवत राहिली. शेवटी पूड संपली, वेळही संपली. तिचं नाव कमी झालं. पुढे तिनं चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, आणि मी त्याच विभागात शिकवायला लागले. लाज वाटते सांगायला.

आठ वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोपाला लेक आली होती, आपणहून बोलायला उठली. "बाबा समोर असून मी नापास झाले, म्हणून लोक हसतात. हसू देत. बाबांनी मला कधी झुकतं माप दिलं नाही, पण माझ्या हक्काचं कधी काढूनही घेतलं नाही. मला त्यांचा अभिमान आहे."

टाळ्या वाजल्या. मामांना खोकला आला. खरा खोकला, थांबेचना. मी पाणी घेऊन धावले. पेला हातात धरून ते हळूच म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही दारात होतात ना?"

त्यांची लेक पाठीवर हात फिरवायला येतच होती.

"नाही हो मामा," मी म्हणाले, "मी उशिरा आले होते."