सुनंदाचं पेज अजून चालू आहे

सुनंदा गेली. तिच्या पेजवर विश्वास ठेवू नका.

आज सकाळी तिथे नवी पोस्ट पडली आहे. खाली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बदाम टाकलेत. म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुनंदा माझी चंद्रपूरच्या होस्टेलमधली रूममेट. आलापल्लीच्या पुढे, नाल्यापलीकडच्या एका गावात शिक्षिका. वाचलेल्या पुस्तकाचा फोटो टाकायची, शेजारी मोहफुलं नाहीतर धानाच्या लोंब्या मांडून. आणि सागाच्या पानांचे बुकमार्क करायची.

तेही कीड लागलेल्या पानांचे बरं का! किडा हिरवं सगळं खातो, नुसती जाळी उरते. ती जाळी ही बया पुस्तकात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि कुणीही पत्ता दिला की फुकट पाठवायची.

मी म्हणायची, "लोक त्या किड्याच्या नावानं बोटं मोडते, अन् तू त्याचा सत्कार करून राह्यली!"

"मंग? अर्धं काम त्यानंच करून देल्लं ना!"

तिच्या गावात नेटवर्क नाही. पावसाळ्यात नाला भरला की गावच तुटतं. म्हणून लोक आधीच तांदूळ, मीठ, तेल भरून ठेवतात.

सुनंदा पोस्टही भरून ठेवायची.

बाजाराच्या दिवशी आलापल्लीला यायची, चहाच्या टपरीवर बसून प्रत्येक पोस्टला पुढच्या पुढच्या तारखा लावून द्यायची. मग पावसाळाभर पेज आपोआप चालायचं.

यंदाही भरून ठेवलं होतं.

मग तिला मलेरिया झाला. ताप डोक्यात गेला. गावकऱ्यांनी खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणलं, आणि पाणी उतरायची वाट पाहत बसले.

पाणी वेळेत उतरलं नाही.

त्याच सकाळी पेजवर तिचा नवा बुकमार्क आला होता. मी खाली लिहिलं, "मले कधी पाठवशीन?"

आता ते पेज बंद करता येत नाही. पासवर्ड तिच्यासोबत गेला. कंपनीला कळवलं तर मशीनचं उत्तर येतं. प्रत्येक पोस्टखाली मी "ताई गेल्या" असं लिहिते, ते बदामांखाली गाडलं जातं. काय करू, सांगा.

आणि खरं सांगू? बंद करता आलं असतं तरी हात धजावला नसता.

आरमोरीहून तिची आई रोज फोन करते. काकूंना वाचता येत नाही.

"काय टाकलं वो बेटा आज माह्या पोरीनं?"

मी वाचून दाखवते. त्यांना सगळं माहीत आहे. तिची माती आरमोरीलाच, त्यांच्यासमोर झाली. तरी विचारतात.

आजची पोस्ट बहुतेक शेवटची. पाऊस संपायच्या अंदाजानं तिनं लावलेली:

"पाणी उतरलं. रस्ता सुरू झाला. मी येऊन राह्यली बाजारात. पत्ते पाठवा."

वाचू की नको, कळेना. वाचली.

मग काकू म्हणाल्या, "येऊन राह्यली म्हनते?"

"हो, काकू."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचली.

उद्याही त्यांचा फोन येईल. माझ्याकडे वाचायला काही नसेल.

हात जोडते, आता पत्ते पाठवू नका.

सुनंदा, जा बाई. नाला उतरला आहे.