शालनताईंची विंडोज

“मॅडम, माजी लाल टिकली कुठाय?”

केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या शालनताईंनी हे विचारलं तेव्हा समोर चाळीसेक पेशंट उभे होते आणि ती टिकली माझ्या ओल्या फडक्यात होती. हिरवी, पिवळी आणि काळीसुद्धा.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. शिवाजी पेठेजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर बघायचे. वय एकोणतीस, पुण्यात कोर्स केलेला, आणि आपल्याला सगळं कळतं याची लेखी खात्री. आदल्या दिवशी, रविवारी, मी खिडकीवरच्या मशीनमध्ये नवी विंडोज घातली होती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम. तो बदलला की पडद्याचं रूपच बदलतं. जुन्यात सुरुवातीलाच ‘प्रोग्राम मॅनेजर’ यायचा. एका चौकटीत छोटी चित्रं. हव्या त्या चित्रावर दोनदा क्लिक करायचं, झालं. नव्यात कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं बटण, त्यातून यादी, त्या यादीतून आणखी यादी. मला ते फार देखणं वाटलं. सोमवारी सकाळी सगळ्यांना दाखवायचं म्हणून मी मॉनिटरची काचही पुसली. काचेवर कुणी टिकल्या चिकटवल्या होत्या. अडाणीपणा म्हणून मी त्या खरवडल्या.

“टिकलीचं राहू दे ताई. स्टार्ट दाबा. आता वर जा. आता उजवीकडं... अहो, माऊस का हलवला?”

“हलला की त्यो!”

यादी मिटली. पुन्हा पहिल्यापासून. पाचव्यांदा मिटली तेव्हा रांगेतून आवाज आला, “ओ बाई, पेशंट बरा हून घरला जाईल की!”

गलका ऐकून ॲडमिनिस्ट्रेटर जाधव सर आले. “काय झालंय?”

“सर, सिस्टिम उत्तम आहे. ऑपरेटर बदलावा लागेल.”

शालनताई माझ्यापासून दोन फुटांवर बसल्या होत्या.

“मग उद्या बघतो. नाही जमलं तर शालन परत वॉर्डात,” सर म्हणाले आणि गेले.

दुपारी ओपीडी संपल्यावर शालनताई हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, वॉर्डात वाकून माजी कंबर गेली, म्हणून हितं बसवलंय मला. परत न्हाय जमायचं. आन मला विंग्रजी वाचाय येत न्हाय. सरास्नी सांगू नगासा.”

“मग दोन वर्षं काम कसं केलंत?”

“टिकल्यांवर. लाल नवा पेशंट, हिरवी जुना, पिवळी भरती, काळी मयत. चित्रं तर चारीबी सारखीच हायत की!”

खरंच सारखी होती. आतले फॉर्म मराठीत होते, पण ते चारही प्रोग्राम जुन्या पद्धतीचे, म्हणून विंडोजनं सगळ्यांना एकच चित्र दिलं होतं. फरक फक्त खालच्या इंग्रजी नावात. ते बसवले मीच होते. दोन वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

मी मॅन्युअल काढलं. नवी विंडोज बनवणाऱ्यांनी जुना प्रोग्राम मॅनेजर फेकून दिला नव्हता. त्याची फाईल आतच होती, फक्त त्याचा गाजावाजा नव्हता. मशीन चालू होताच तो आपोआप उघडेल आणि पडदाभर पसरेल अशी सोय केली. चित्रं मात्र भलत्याच जागी आली. शालनताईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि न चाचपडता चार टिकल्या काचेवर लावल्या. मग मी एकेक चित्र सरकवत त्यांच्याखाली आणलं.

“वर घ्या. आनि वर. लई झालं. खाली. तुमचाबी माऊस हलतोय की, मॅडम!”

मंगळवारी सर आले तेव्हा रांग भराभर सरकत होती.

“काय शालन, जमलं का नवं?”

“जमतंय की सर. सोपंच हाय.”

सर माझ्याकडं वळले. “बघा! तुम्ही उगाच बाईला घाबरवलंत.”

मी मान डोलावली. आठवड्याभरात लॅब आणि मेडिकल स्टोअर दोघांनीही मला गाठून ‘शालनताईंची विंडोज’ मागितली. मी गुपचूप घालून दिली. शालनताई त्या खुर्चीवरूनच रिटायर झाल्या.

त्यानंतर कुठंही नवं काही बसवण्याआधी मी जुन्यावर काम करणाऱ्याशेजारी दिवसभर बसायचे आणि तोंड बंद ठेवायचे. यातलं बसणं मला लगेच जमलं. दुसरं अजून शिकते आहे, असं नातवंडांचं म्हणणं आहे.