लीड्सची वंदना

हे मी कुणाजवळच बोललेले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही सुधाताईंना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

सुधाताई लंडनमध्ये वेम्बलीत राहायच्या. दोन हजार तीन-चारच्या सुमारास महिन्यातल्या एका रविवारी आम्ही लिहिणाऱ्या बायका त्यांच्याकडे जमायचो — मराठी, गुजराती, एक तमिळ. माझी पहिली कथा त्यांनी माझ्याकडून नऊ वेळा लिहून घेतली. ती छापून आली तेव्हा पेढे मी वाटायचे, तर त्यांनीच वाटले. त्यांची अट एकच — आता तूही कुणालातरी हाताशी धर.

मी नाही धरलं. कंटाळा? तोही होता. पण खरं सांगू — माझ्या हाताखालून माझ्यापेक्षा बरं लिहिणारी निघाली तर?

त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं — धरलंय की, तिकडे लांब लीड्समध्ये, नर्स आहे, वंदना नाव तिचं. थाप पचली.

आणि मग वंदना वाढतच गेली. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये खिडकीला डोकं टेकलं की मला ती दिसायची — ड्यूटी संपवून, पुढचं वाक्य पुटपुटत चढावाच्या रस्त्याने घरी निघालेली. माझा जीव जडला होता तिच्यावर, हसू नका! सुधाताई तिच्यासाठी पुस्तकं द्यायच्या, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेली. मी ती कपाटात ठेवायचे.

मग आमच्यात पिनरची अनघा आली. तिची चार पानं मी वाचली — चांगली होती. फारच चांगली. सुधाताई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी तिला माझ्याकडे सोपवलं. मी म्हटलं, वंदनाचं पुस्तक चाललंय, दोघी नाही जमणार. त्यांना ते पटलं. अनघालाही पटलं.

सुधाताई गेल्या, रविवारही थांबले.

दोनेक वर्षांनी ईलिंग रोडवर भाजी घेताना अनघा भेटली. लिहिणं ना, ते तेव्हाच सुटलं — असं सहज म्हणाली. मग माझा हात धरून विचारलं, "ताई, तुमची ती लीड्सची वंदना — तिचं बुक पब्लिश झालं का हो?"

काय सांगायला हवं होतं, हे का मला कळत नव्हतं?

"झालं," मी म्हटलं.

"बरं झालं. एकीचं तरी झालं!"

खरंच आनंद झाला होता तिला.