मोठा केला तर फाटेल

आईच्या तेराव्यासाठी फोटो हवा होता. ताई आणि मी दोन फोटो घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो.

एक माझ्या नव्या मिररलेस कॅमेऱ्याने काढलेला. त्यात आईच्या भुवईचा एकेक केस वेगळा दिसतो. पण ती भलीमोठी लेन्स पाहिली की आई आत जाऊन साडी बदलून यायची आणि ओठ मिटून बसायची. दुसरा फोटो खिशात मावणाऱ्या जुन्या कॅमेऱ्याचा, किंचित हललेला. त्यात ती हसत हात उडवते आहे. "पुरे रे मेल्या, दूध उतू जाईल!" असं ती तेव्हा म्हणाली होती.

कॅमेरा जितका जास्त पाहू लागला, तितका तो माणसांच्या डोळ्यांवर येऊ लागला.

"हा छोट्या कॅमेऱ्याचा मोठा केला तर फाटेल, चेहऱ्याचे नुसते ठिपके दिसतील," फ्रेमवाला म्हणाला. "तो दुसरा घ्या, एकदम क्लिअर आहे."

"क्लिअर आहे हो दादा," ताई म्हणाली, "पण त्यात ती पाहुणी आल्यासारखी बसलीये."

"मग हा केवढा करू?"

ताईने हललेला फोटो त्याच्यापुढे सरकवला.

"पोस्टकार्डाएवढाच करा. आम्ही जवळ जाऊन बघू."