म्हातारीच्या पिशवीतला नारळ

ओला नारळ फुटल्याचा वास आला की मला अजून स्वतःची किळस येते. तेव्हा मी रत्नागिरीत मिशनच्या शाळेत मास्तर होतो. समुद्राला नारळ वाहणाऱ्या खलाशांची टिंगल करीत दर रविवारी ‘देवावर भरवसा ठेवा, भिऊ नका’ असं बजावायचो. एकदा मुंबईला जायला पडावातून, किनाऱ्यावरच्या छोट्या होडीतून, आगबोटीकडे निघालो आणि लाटा पडावात शिरू लागल्या. या शूर उपदेशकाने काय करावं? शेजारच्या पिशवीतला नारळ उचलून ‘दर्याराजा, सांभाळ’ म्हणत पाण्यात फेकला. पिशवी आमचं चर्च झाडणाऱ्या म्हातारीची होती. “मास्तर, तो माझ्या लेकाला नेत व्हते,” ती म्हणाली, “जाव दे. रविवारी ज्याचं सांगता, त्यालाच आता हाक मारूया.” माझा गारठलेला हात धरून ती ‘प्रभू, आम्ही तुझ्या हातात’ एवढंच म्हणत राहिली. चौथ्या खेपेला ते शब्द माझ्याही तोंडून निघाले, मनापासून निघाले, आणि पडाव कसाबसा आगबोटीला लागताच मी उठून तिची शिडी धरली. “पावला ना नारळ, मास्तर?” पडाव हाकणारा तांडेल हसला. “नारळ चोरीचा होता,” मी सगळ्यांदेखत म्हणालो, “सांभाळलं ते हिच्या देवानं.” जन्मभर एवढी बडबड केली, त्यात उपदेश म्हणावा असं तेवढंच एक वाक्य.