शाम्पूची उलटतपासणी

रविवार कारंज्याजवळ बांगड्या-पावडरचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. पुडी बांधण्याआधी त्या रद्दीचा कागद अख्खा वाचून काढायच्या आणि गिऱ्हाईक ताटकळत राहायचं. ऐंशी सालच्या सुमारास अशाच एका कागदात त्यांनी वाचलं, की शाम्पू झोंबतो का हे सशांच्या डोळ्यांत घालून बघतात. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक सेल्समनची उलटतपासणी सुरू झाली.

एकदा माझ्यासमोरच टाय लावलेला एकजण म्हणाला, "मावशी, आमची कंपनी सशाला हातसुद्धा लावत नाही."

"मग झोंबत नाय हे कुणी सांगितलं? तुम्ही घातला डोळ्यात?"

"तसं नाही, पण..."

बाईंनी बाटली उघडून पुढे केली. "घाला. पाणी देते मी."

तो मागे सरकला. "बाहेरच्या लॅबकडून करून घेतो, मावशी. आम्ही स्वतः नाही करत."

"म्हणजे पाप पण बाहेरूनच करून घेता होय!"

सगळ्यात जास्त खपणारा तो शाम्पू त्यांनी खोक्यासकट परत दिला. मग माझ्याकडे वळल्या. "बोला ताई, काय देऊ?"

मी तोच घ्यायला आले होते.

"शिकेकाई," मी म्हणाले.